गळाला लागलेलं घर

भिंगरीला मासे नको होते. तिला नुसतं बसायचं होतं.

हे तिनं ज्याला ज्याला सांगितलं, तो तो आधी हसला आणि मग काळजीनं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघू लागला. कारण भिंगरी हे नाव काही तिला कुणी लाडानं ठेवलेलं नव्हतं. ते तिनं स्वतःच्या कर्तृत्वावर कमावलं होतं. जेवताना तिचा एक पाय ताटाशी तर दुसरा दाराशी. इतिहास ती गच्चीत येरझाऱ्या घालत पाठ करायची, त्यामुळे एखाद्या लढाईचं साल आठवायचं तर आधी उठून जरा चालून यावं लागायचं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ही सोय नसते. वर्गशिक्षिकेनं तर प्रगतिपुस्तकात शेराच मारला होता, "हुशार आहे. बाकावर सापडत नाही."

पण झालं काय, शाळेनं सहल काढली ती गावाबाहेरच्या पाणीपुरवठ्याच्या तलावावर. (सहलीला अशी जागा शोधणाऱ्याचा खरं तर सत्कार करायला हवा. मुलींनी घरून नटूनथटून जायचं आणि तुरटीची टाकी बघून यायचं.) तिथे बांधावर भिंगरीनं एक माणूस पाहिला. घडीच्या स्टुलावर बसलेला, हातात काठी, समोर पाणी. मुलींची रांग त्याच्यामागून टाकी बघायला गेली, टाकी बघून परत आली, तरी हा आपला तसाच. आणि मुख्य गोष्ट म्हणजे जाणारंयेणारं कुणी त्याला विचारत नव्हतं, "नुसता काय बसलायस?"

भिंगरीनं रांगेतून दोनदा मागे वळून पाहिलं. तिला ते पाहिजे होतं. काठी, स्टूल, पाणी आणि न विचारलेला तो प्रश्न.

आता तुम्ही म्हणाल, बसायचंच तर घरी बसावं. तुम्ही तिच्या घरी गेलेला नाहीत म्हणून असं म्हणता. तिची आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये होती. तिथे कापसाचा बोळासुद्धा 'कशासाठी' ह्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर दिल्याशिवाय खिडकीबाहेर पडत नाही. सर्जन म्हणू नका, डीन म्हणू नका, आईनं सगळ्यांना ह्या प्रश्नाखाली झोपवलं होतं. तोच प्रश्न ती रोज संध्याकाळी पर्सबरोबर घरी घेऊन यायची. दोन पगार, घराचा हप्ता आणि दादाच्या स्पर्धा परीक्षेचा न संपणारा क्लास, ह्यातून घर चालवायचं तर आईनं एक कायदा केला होता : घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूनं किमान दोन कामं केली पाहिजेत. एका कामाची वस्तू म्हणजे श्रीमंतांचे चोचले. त्यामुळे त्यांचं जेवणाचं टेबल हेच इस्त्रीचं टेबल होतं, जाडजूड शब्दकोश दार अडवायला होता, आणि बाबांच्या प्रत्येक पँटला ठाऊक होतं की पुढचा जन्म पिशवीचा आहे.

माणसंही कायद्यातून सुटलेली नव्हती. भिंगरी जरा टेकली रे टेकली की तिच्या मांडीत सोलायच्या शेंगा येऊन पडत. ती एवढी का पळायची, ह्याचा शोध वर्गशिक्षिकेनं घ्यायला हवा होता.

"आई, मला मासे धरायची काठी घ्यायचीय," भिंगरी एका संध्याकाळी म्हणाली.

आईनं इस्त्री थांबवली नाही. "आपल्यात मासे खातं कोण? तुझ्या बाबांना नुसत्या वासानं अंगावर गांध्या उठतात."

"खायचे नाहीतच. धरले की सोडून द्यायचे."

"धरायचे आणि सोडून द्यायचे."

"हो."

"मग धरायचे कशासाठी?"

ह्या प्रश्नावर डीन गारद झालेले, तिथे भिंगरीची काय कथा. पण ती चालत होती, आणि चालताना तिचं डोकं चालतं. टेबलाला दोन फेऱ्या झाल्यावर ती म्हणाली, "वरच्या दोरीवर कपडे टाकायची काठी मोडलीय ना आपली? तू झाडूच्या दांड्यानं टाकतेस. परवा बाबांच्या सदऱ्याला जळमट लागून आलं."

इस्त्री थांबली. "लांब असते का ती?"

"हवी तेवढी होते. एकात एक जाते."

"जळमटंही निघतील मग," आई म्हणाली, आणि भिंगरीला कळलं की कायद्यात पळवाट नसते असं नाही, पळवाट हाच कायद्याचा मुख्य दरवाजा असतो.

परवानगी मिळाली, पैसे नाही मिळाले. म्हणून भिंगरीनं बस सोडली आणि शाळेत चालत जायला लागली. हा हिशेब तिला फार आवडला होता. एरवीही ती चालतेच, आता चालायचे पैसे मिळणार. काही दिवसांनी बुटांचे तळवे झिजून फाटले आणि चांभारानं वाचलेल्या बसभाड्याच्या वर मजुरी सांगितली, तेव्हा घरातल्या कुणालाही हिशेब समजावून सांगायच्या भानगडीत ती पडली नाही. तळव्याखाली पुठ्ठा घातला. पुठ्ठा शब्दकोशाच्या कव्हराचा होता. आईच्या कायद्यात बसत होतं.

काठी भंगारवाल्याकडे मिळाली. धुळीनं माखलेली, पण एकातून एक नळी निघत चांगली लांबलचक होणारी.

"ही साधी काठी नाही," भंगारवाला म्हणाला. "मोठ्या माणसाची आहे."

"कुणाची?"

"ते मला काय ठाऊक. पण भंगारात टाकताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं."

"मग टाकली का?"

"बायको बरोबर होती."

काठीचं टोक मोडलेलं होतं, म्हणून भाव पडला. टोक छत्रीवाल्यानं बसवून दिलं, छत्रीचीच एक काडी तासून. आता ही काठी उघडताना शेवटी किंचित छत्रीसारखी फडफडायची, पण तेवढं चालायचंच.

काठी घरात आली आणि त्याच सकाळी कामाला लागली. आईनं सगळे कपडे वरच्या दोरीवर इतके सुरेख टाकले की स्वतःच मागे सरकून पाहिले. भिंगरीनं काठी परत मागितली तेव्हा आई म्हणाली, "सुकले की काढायलाही लागेल ना." हा धोक्याचा पहिला इशारा होता. भिंगरीनं तो ऐकला नाही, कारण ती तोवर रिळामागे पळत सुटली होती.

रीळ घड्याळजीकडे सापडलं. कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरून गेलं होतं. त्यानं ते बाबांच्या बंद पडलेल्या घड्याळाच्या बदल्यात दिलं. पण रिळाचं दुसरं काम काय? भिंगरीनं ते गॅलरीच्या कठड्याला आवळलं, त्यावर तंगूस गुंडाळला, म्हणजे मासे धरायचा तो पारदर्शक चिवट धागा, आणि त्याच्या टोकाला पिशवी बांधून तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडली. मूठ फिरवली की पिशवी कट्कट् करत वर. दूध वर आलं, पेपर वर आला, भाजी वर आली. आईनं त्या दिवशी भिंगरीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायचा म्हणजे आधी पाठ एका जागी मिळावी लागते, एवढं ते दुर्मीळ होतं.

पिशवीमुळे तळमजल्यावरच्या सल्लागार काकांची सोय झाली. काका विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि त्यांनी बादलीपेक्षा खोल पाणी पाहिलेलं नव्हतं. पण सल्ला द्यायला अनुभव लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी चांगला सल्ला घेतलेला नसतो. काका आता चिठ्ठ्या लिहून पिशवीत टाकू लागले. दुधाच्या पिशवीबरोबर चिठ्ठी वर यायची, "गळ आधी दुधात उकळावा." दुसऱ्या दिवशी, "मासा पिवळा रंग लांबून ओळखतो. पिवळं घालू नये." तिसऱ्या दिवशी, "कालचं रद्द. पिवळंच घालावं." बाबा त्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून ठेवायचे. ते पाणीपुरवठा कार्यालयात बिलविभागाचे हेडक्लार्क होते. कागद दिसला की त्यांच्यानं राहवायचं नाही.

आणि मग गळांचं प्रकरण झालं.

गळ म्हणजे तो वाकडा अणकुचीदार काटा. त्याला आतल्या बाजूनं आणखी एक उलटा काटा असतो. म्हणजे आत जाताना गोडीत जातो आणि बाहेर यायचं नाव काढत नाही, पाहुण्यांसारखा. भिंगरीनं मूठभर गळ आणले. दुसरं काम विचारलं जाणार हे ठाऊक असल्यामुळे ती तयारीत होती. सोफ्याचं कव्हर सारखं घसरतं, ते मागून ह्या गळांनी अडकवून टाकायचं. आईनं ताणून बघितलं. कव्हर हललं नाही. मंजूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा डबा घेऊन, भांग पाडून, मोजे चढवायला सोफ्यावर टेकले. उठले, तेव्हा सोफ्याचं कव्हर त्यांच्याबरोबर उठलं.

"काहीतरी धरतंय मला," बाबा म्हणाले.

"हलू नका," आई म्हणाली.

"ऑफिसला जायचंय मला. हलू नका काय?"

ते हलले. दुसरा गळ बसला. दादा अभ्यास सोडून बघायला आला आणि भिंतीला धरून हसत खाली बसला. पिशवीतून चिठ्ठी गेली आणि पिशवीतूनच उत्तर आलं, "आधी पुढे ढकलावा, मग मागे ओढावा." बाबा म्हणाले, पुढे म्हणजे कुणाच्या पुढे ते आधी त्या माणसाला विचारा. शेवटी आईनं कात्री आणली आणि पँटचा तो भाग कव्हरावर ठेवून बाबांना मोकळं केलं. बाबा त्या दिवशी लग्नाकार्याची पँट घालून ऑफिसला गेले, आणि तिथे सगळ्यांनी अभिनंदन करून बढती कधी झाली असं विचारलं. ते बिचारे दिवसभर नाही नाही म्हणत राहिले. घरी आले ते सोफा टाळून जमिनीवर बसले. जेवताना एकदाच म्हणाले, "मी मासा नाही. एवढं ह्या घरात सगळ्यांनी लक्षात ठेवा."

कापलेल्या पँटची पिशवी झाली. ठरल्यापेक्षा लवकर झाली, एवढंच.

ह्यानंतर तरी थांबावं की नाही? पण भिंगरी आता थांबण्याच्या पलीकडे गेली होती. शिशाची वजनं आली, ती पडद्यांच्या काठात शिवली गेली, पडदे वाऱ्यावर उडायचे थांबले. पडद्यांची तार ढिली होती, तिथे तंगूस आला. तरंगणारं लाल बूच आलं, ते दादानं गच्चीवरच्या टाकीत सोडलं; टाकी भरली की बूच वर येऊन दिसायचं आणि पाणी वाया जायचं थांबलं. मासा उचलायची दांड्याची जाळी आली, तिच्यात कांदे-बटाटे टांगले गेले आणि चक्क सडायचे थांबले. घडीचं स्टूल आलं, त्यावर दादा गॅलरीत अभ्यासाला बसायला लागला. घर असं कधीच चाललं नव्हतं. येणारेजाणारे कौतुक करत. आणि ह्या सगळ्या कौतुकात भिंगरी एका खोलीतून दुसरीत फिरत राहायची, कारण तिला अजून एकदाही बसायला मिळालं नव्हतं. रात्री पांघरुणात तिचे पाय चालायचे.

"आता परवाना काढू या," ती बाबांना म्हणाली.

तलावावर काठी टाकायला परवाना लागतो, आणि तो बाबांच्याच कार्यालयात मिळतो. दुसऱ्या कुठल्या बापानं शेजारच्या टेबलावर जाऊन चहा पीत पीत काढून आणला असता. पण बाबांचं तत्त्व असं की आपल्या ऑफिसात आपण वशिला लावायचा नाही. अर्जदार अल्पवयीन असल्यानं पालक समोर हजर हवा, म्हणून त्यांनी रीतसर किरकोळ रजा टाकली आणि भिंगरीबरोबर स्वतःच्याच ऑफिसच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. खिडकीतला कारकून त्यांच्या रोजच्या डब्यातला भागीदार.

"साहेब, तुम्ही? आत या ना."

"मी आज नागरिक आहे," बाबा म्हणाले. "नंबरानं घ्या."

नंबर आला. कारकुनानं कागद उलटेपालटे केले आणि मान हलवली. "पाण्याचं बिल थकलेलं नाही असा शेरा हवा. बिलविभागाच्या हेडक्लार्कची सही लागते."

भिंगरीनं बाबांकडे पाहिलं. कारकुनानंही बाबांकडे पाहिलं. रांगेतल्या मागच्या माणसानंही पाहिलं, कारण सगळे कुणाकडे तरी पाहत होते.

"बाबा, सही करा ना."

"मी रजेवर आहे," बाबा म्हणाले.

"पेन आहे माझ्याकडे."

"प्रश्न पेनाचा नाही. रजेवरचा माणूस सही कशी करेल? उद्या मीच कामावर आलो की मलाच चौकशी लावावी लागेल."

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले, बिलविभागाच्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच्या बिलाची कसून तपासणी केली आणि सही दिली. पण आता खिडकीसमोर पालक नव्हता. पालक आत खुर्चीत होता आणि जेवणाच्या सुट्टीशिवाय उठणार नव्हता, आणि जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद असते. भिंगरी शाळेच्या दप्तरासकट त्या जिन्यावरून इतक्या वेळा खालीवर झाली की शिपायाला वाटलं ही नवी नेमणूक आहे. अखेर तिनं आईला गाठलं. आई हॉस्पिटलमधून थेट आली, खिडकीत हात घातला आणि विचारलं, "अजून कुठला कागद हवा, आणि कशासाठी?" कारकुनानं शिक्का मारला.

पण कागदावर आता पालक म्हणून आईचं नाव पडलं. म्हणजे येत्या रविवारी, सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत, एक काठी, आणि सोबत आई. आईनं परवाना वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "अख्खा रविवार?" मग थोडा विचार करून म्हणाली, "शिवणाचं गाठोडं घेते मग. तेवढीच बटणं लागतील."

रविवारी सकाळी भिंगरी सामान गोळा करायला लागली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की सामान आता सामान राहिलेलंच नाही, घर झालंय. तंगूस सोडवला तर पडदा दांड्यासकट खाली आला. काठी काढली तर दोरीवरची चादर अर्धी लोंबकळत राहिली. जाळी रिकामी केली तर कांदे सोफ्याखाली गेले, आणि सोफ्याखाली हात घालायची हिंमत कालपरवापर्यंत तरी कुणाची नव्हती.

"बूच न्यायचं नाही," दादा दारात आडवा उभा राहिला. "टाकी वाहिली तर बाबाच दंड लावतील."

"तू बस ना टाकीपाशी."

"माझी परीक्षा आहे."

"गच्चीत वाच. मी सगळा इतिहास गच्चीतच पाठ केलाय."

"म्हणूनच मला भीती वाटते," दादा म्हणाला. पण गेला. बाबा सोफ्याच्या खुर्चीवर चढून पडद्याचा दांडा धरून उभे राहिले, कारण समोरच्या बिल्डिंगमधून सगळं घर दिसत होतं. खालून काकांची हाक आली, "पिशवी का येत नाही?" आणि मग काकांनी स्वतःच तीन मजले चढून येऊन दम खात सांगितलं की आज वारा उलटा आहे, जाऊ नये.

"काका, आज रद्द नका करू," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला. तो काकांनी ऐकला असावा, कारण ते म्हणाले, "जा मग. मी धरतो तो पडदा."

आणि शेवटी, शेवटी ती तलावावर पोचली. बांध, पाणी, घडीचं स्टूल. तिनं काठी लांब केली, टोक फडफडलं, पिठाची गोळी गळाला लावली आणि तंगूस पाण्यात टाकला. लाल बूच पाण्यावर उभं राहिलं. आई मागे चटईवर बसून सुईत दोरा ओवू लागली.

भिंगरी बसली.

किती छान वाटलं म्हणून सांगू. थोडा वेळ. मग उजव्या पायाला मुंग्या आल्यासारखं झालं. मग खरोखरच मुंग्या निघाल्या. मग तिला वाटलं बूच वाकडं उभं आहे, ते ओढून परत टाकलं. मग वाटलं, आधीच बरं होतं. मग तिचा पाय आपोआप ताल धरायला लागला, स्टूल करकरायला लागलं, आणि तिनं दोन्ही गुडघे एकमेकांवर दाबून धरले. कधीपासूनची चाललेली पायपीट, पुठ्ठ्याचे तळवे, बाबांची पँट, सहीसाठीचे ते हेलपाटे, सगळं ह्या एका बसण्यासाठी. आणि आता बसवत नव्हतं. कुणी काही विचारत नव्हतं, तरी बसवत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मागून सुईदोऱ्याचा आवाज थांबला, तशी ती ताठ झाली. आता आई म्हणणार, "हे सगळं कशासाठी?" म्हणायलाच पाहिजे, एवढी चालून आलेली संधी कोण सोडेल?

"जरा पाय मोकळे करून ये," आई म्हणाली. "मी धरते तोवर."

भिंगरी सुटलीच. बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली, तुरटीच्या टाकीला हात लावून आली, उगाचच एक उताराचा चढ केला, चढाचा उतार केला. परत आली तेव्हा घामानं भिजली होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

आई स्टुलावर बसली होती. शिवणाचं गाठोडं चटईवर तसंच पडलं होतं; एका सदऱ्यातून सुई अर्धी बाहेर आलेली. आईच्या दोन्ही हातांत काठी होती आणि ती बुचाकडे बघत होती. नुसती बघत होती. भिंगरीनं आपल्या आईला काम नसलेल्या हातांनी बसलेलं कधी पाहिलंय का, हे आठवून बघायला ती थोडी चालली. आठवलं नाही.

"आई, दे आता."

"हं," आई म्हणाली आणि दिली नाही.

तेवढ्यात बूच बुडलं.

काठी वाकली, छत्रीची काडी कण्हली, आई उभी राहिली आणि स्टूल मागे पडलं. "ओढतंय गं," ती म्हणाली, अगदी हळू, जणू कुणी झोपलंय शेजारी. आणि नेमका ह्याच वेळी बांधावरून तलावाचा रखवालदार शिट्टी वाजवत आला.

"परवाना कुणाच्या नावाचा?"

"माझ्या," भिंगरी म्हणाली.

"मग काठी परवानाधारकाच्या हातात पाहिजे. पालकांनी पालकासारखं बाजूला बसायचं. नियम आहे."

आईनं मान वळवली. भिंगरीला आईच्या सगळ्या नजरा पाठ होत्या, पण ही त्यातली नव्हती. ही हॉस्पिटलच्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूची नजर होती. काहीतरी हवंय, आणि कारण देता येत नाहीये.

काठी भिंगरीची होती. परवाना तिचा होता. तंगुसाच्या टोकाला तिच्या आयुष्यातला पहिला मासा होता. तिनं हात पुढे केला, आणि काठीचं अगदी मागचं बूड, आईच्या हातांच्या खाली, धरलं.

"धरलीय ना मी," ती म्हणाली.

"त्यांनीपण धरलीय."

"नियमात एक काठी म्हटलंय. हात किती, ते म्हटलेलं नाही. हवं तर पाणीपुरवठ्याच्या बिलविभागात विचारा."

रखवालदार विचारात पडला. तोपर्यंत आईनं मूठ फिरवली, रीळ कट्कट् वाजलं आणि चमचमणारं काहीतरी पाण्याबाहेर आलं. भिंगरीनं जाळी खाली धरली. मासा होता. तळहाताएवढा, चिडलेला. रखवालदारानं पट्टी लावली. "वीतभरसुद्धा नाही. सोडावा लागेल."

आईनं हात ओले करून मासा उचलला. भिंगरीनं श्वास रोखला, कारण तिच्या आईनं आजवर तुटलेलं रबरसुद्धा फेकलेलं नव्हतं. आईनं गळ हलकेच पुढे ढकलला, मग मागे ओढला, तो निघाला. (काकांना हे कुणीही कळवायचं नाही.) तिनं हात पाण्यात धरला आणि मूठ उघडली. मासा क्षणभर तिथेच राहिला, मग नव्हता.

आईनं पदराला हात पुसले, स्टूल उभं केलं, त्यावर बसली, पिठाची नवी गोळी केली आणि तंगूस परत पाण्यात टाकला. जरा वाकडा पडला. तिनं तो तसाच राहू दिला.

"माझी पाळी कधी?" भिंगरीनं विचारलं.

"थांब जरा."

भिंगरी चटईवर शिवणाच्या गाठोड्याला टेकून बसली. रखवालदार अजून तिथेच उभा होता. त्याला काहीतरी उमगत नव्हतं.

"पण बाई, मासा तर सोडला," तो म्हणाला. "आता कशासाठी बसलाय?"

आईनं बुचावरची नजर काढली नाही.

"हळू बोला," ती म्हणाली. "मासे पळतात."